कमठ्याची वार्षिक तपासणी

शुक्रवार, २२ ऑगस्ट. आभाळ सकाळपासून गच्च, पाऊस नाही, हवेत ओल. त्या दिवशी जिल्हा संग्रहालयातल्या शिंगाच्या कमठ्याची ताकद-तपासणी होती, आणि कमठ्याने आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांशी बोलणे सोडले होते.

कमठा म्हणजे जुने धनुष्य. शस्त्रदालनातल्या प्रत्येक शस्त्राला वर्षातून एकदा आपली ताकद दाखवावी लागते. कमठ्याचा बाण समोरच्या चिलखतावर मारतात, मग चिलखत कितपत लागले याचा जबाब देते. जबाब आणि आधी काढलेले अनुमान जुळले, की तपासणी संपली.

अनुमान काढायचे काम दिनानाथ उकिडव्यांचे. ही विद्या त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. दोरीला वजने टांगायची, ती किती खाली येते ते बघायचे, असे करत करत ते स्वतःच शिकले होते, आणि त्यांचे अनुमान आजवर चुकलेले नव्हते. दरवर्षी ते लिहीत, बाण चिलखताला लागून खाली पडेल. दरवर्षी तो पडे. गेल्या वेळी चिलखताने जबाबात विचारले होते, "कुणी हाक मारली का?"

या खेपेला मात्र अभिरक्षक गुळवेबाईंनी सांगून ठेवले होते, की बाण पुन्हा पडला तर कमठ्याची बदली कारागीर दालनात होईल. तिथे पिंजाऱ्याची धनुकली होती. तिने शेजारची जागा झाडूनही ठेवली होती. सोमवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा दोघांनी मिळून पहारेकऱ्यांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा, असे ठरले होते.

दुपारी उकिडवे वजने घेऊन आले. पहिलेच वजन लावले आणि दोरी लोळागोळा झाली. उकिडव्यांना वाईट वाटले. कापसाचे काम तसे हलके असते, धनुकली स्वभावाने चांगली आहे, असे ते समजुतीने बोलू लागले. तेव्हा कमठा भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेब, दोरी उलट्या बाजूने आहे."

उकिडव्यांनी वजन खाली ठेवले.

"मोकळा असतो तेव्हा मी चंद्रकोरीसारखा असतो. तुम्ही कोरीची दोन टोकं धरलीत आणि दोरी बांधून टाकलीत. मला आधी पार उलटा वाकवायचा असतो. मग दोरी."

"कधीपासून आहे हे?"

"तुम्ही लावलीत तेव्हापासून."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"पहिल्या दिवशी तुम्ही फार खुशीत होता. घरून पेढे आणले होतेत. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही बोललात, असं विचाराल. नंतर शाळांच्या सहली यायला लागल्या. उलटा सदरा घालून लग्नात बसल्यासारखं आहे, साहेब. एकदा पंगतीला बसल्यावर कुठे बदलणार?"

उकिडव्यांचे कान तापले. कमठ्याखालच्या पितळी पाटीवर त्यांनी स्वतः कोरून घेतलेला मजकूर होता : 'अल्पशक्ती. बहुधा मुलांचे.' ती पाटी त्यांनी सासऱ्यांना मुद्दाम आणून दाखवली होती.

समोरून चिलखत खाकरले. आपल्याला हे पहिल्याच दिवशी दिसले होते, असे ते म्हणाले. उकिडवे त्याच्याकडे वळले.

"मला कुणी विचारलं नाही," चिलखत म्हणाले. मग खालच्या आवाजात, "आणि कमठेराव असे होते तोवर माझं बरं चाललं होतं."



उकिडव्यांनी चहावाल्याची शेगडी मागून आणली. ओल धरलेले शिंग शेकत, कमठा सांगेल तसे, ते फरशीवर बसले आणि दोन्ही पाय लावून त्याला उलटा वाकवू लागले. कमठा कण्हत होता आणि मधूनमधून उकिडव्यांचीच माफी मागत होता. दोरी चढली तेव्हा त्याचा आकार ओळखू येईना. उकिडव्यांनी पुन्हा वजने टांगली. होती नव्हती ती सगळी टांगली, तरी दोरी चार बोटेच खाली आली. त्यांनी नवे अनुमान लिहिले आणि ते चिलखताला वाचून दाखवले, कारण तसा नियम आहे.

चिलखताने ते ऐकून घेतले. उकिडवे म्हणाले, हवे तर पाठीवर घेता येईल, पाठ भिंतीकडे असते, भोक कुणाला दिसणार नाही.

"पाठीवर नको," चिलखत म्हणाले. "इतकी वर्षं हसलो आहे मी. समोरूनच घेतो."

चारला गुळवेबाई आल्या. कमठ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, हा काही वेगळाच दिसतोय. उकिडव्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात कमठाच म्हणाला, "मॅडम, इतके दिवस माझी तब्येत बरी नव्हती."

"मग अर्ज द्यायचा होता," गुळवेबाई म्हणाल्या. चिलखताने लगेच त्याला दुजोरा दिला. उकिडव्यांनी तोंड मिटले आणि बाण दोरीला लावला.

बाण तीन कड्या तोडून आत गेला आणि चिलखताच्या आतल्या लाकडी धडात चार बोटे रुतला. अनुमानही चार बोटांचेच होते. चिलखताने जबाब दिला, "लागला." कमठा शस्त्रदालनात राहिला, पावसाळ्यात त्याला आजारपणाची रजा मंजूर झाली. पाटी बदलली. अचूक अनुमानाबद्दल उकिडव्यांचा नारळ देऊन सत्कार झाला, आणि मंगळवारपासून धनुकलीची तपासणीही त्यांच्याकडे देण्यात आली.