अर्ध्यावर अडकलेला झेंडा

आमच्या लेकीला, बर्नाडेटला, जुळं झालं ते सत्त्याहत्तर साल. दोन्ही पोरं एकदम भोकाड पसरायची आणि त्यांना एकदम गप्प करायची विद्या घरात फक्त मला अवगत होती! त्यामुळे रसेल नावाचा एक दाढीवाला माणूस आवाज टिपायचं यंत्र घेऊन आमच्या गॅनेट टिकल गावात उतरला आणि म्हणाला, "मला बाकी काही नको, फक्त शांतता हवी," तेव्हा मी छाती पुढे काढली.

"शांतता? पोरा, ते सगळं अँब्रोज टोबिनवर सोड!"

तिथंच सगळं बिघडलं.

रसेल सेंट जॉन्सहून, म्हणजे शहरातून, आला होता. किनाऱ्यावरची जुनी गाणी गोळा करायची, त्यांची तबकडी काढायची आणि ऑगस्टात शहरात गाण्यांचा मोठा मेळा भरणार होता, तिथं त्या गायकांना बोलवायचं, हे त्याचं काम. आम्हाला आधी हसू आलं. आमची गाणी म्हणजे मासे चिरताना म्हणायची, नाहीतर लग्नात स्वयंपाकघरात एकमेकांच्या मांडीवर बसून म्हणायची. खरी गाणी रेडिओवर लागतात, अशी आमची पक्की समजूत! आमच्या ओरडण्याची कुणी तबकडी काढेल हे म्हणजे आमच्या कोंबडीला कुणी पदक देण्यासारखं होतं.

माझ्या सासूबाई, फिलोमिना पॉवर, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी रसेलला चहा दिला, काकवी घातलेला पाव दिला आणि समोर बसून उलटतपासणीच सुरू केली.

"पलीकडच्या बंदरावर बोनिफसकडे गेला होतास म्हणे. 'आयव्ही मे' जहाजाचं गाणं घेतलंस?"

"घेतलं की आजी! तबकडीवरचं सगळ्यात मोठं गाणं तेच असणार."

"त्यात अल्फॉन्सस आहे?"

रसेलनं डोकं खाजवलं. "अल्फॉन्सस... नाही बुवा."

"मग ते गाणंच नाही!" सासूबाईंनी कप असा आपटला की बशीनं प्राण सोडला.

'आयव्ही मे' खडकावर फुटलं तेव्हा पाच जण बुडाले होते. सासूबाईंच्या वडिलांनी त्यावर गाणं रचलं, प्रत्येकाला एकेक कडवं. पाचवं कडवं अल्फॉन्ससचं, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या भावाचं. बोनिफस ते कडवं कधीकाळी विसरला आणि पुन्हा विचारायला आला नाही. गेली कित्येक वर्षं तो चारच माणसं बुडवत होता! अल्फॉन्ससचं शरीर मिळालं नव्हतं. थडगं नाही, दगड नाही. जगात त्याचं नाव होतं ते त्या एका कडव्यात, आणि ते कडवं होतं एकट्या सासूबाईंच्या तोंडात.

"बोनिफसच्या गाण्यात माझा भाऊ जहाजावर चढलाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग तो गेला कुठे? दुकानात?"

रसेल माणूस चांगला होता. म्हणाला, "आजी, आज तुमचं घेतो. पाचला बोट सुटते, तोवर नीट मिळालं तर बोनिफसचं काढून तुमचं टाकतो. पण एकदाच गायला वेळ आहे. आणि मागं आवाज नको. कसलाच नको!"

मग काय, मी कामाला लागलो.

खोली निवडली पुढची. आमच्याकडे घराची पुढची खोली उघडतात ती बिशप आले तर, नाहीतर घरातलं माणूस मेलं तर. एरवी सगळं आयुष्य मागच्या स्वयंपाकघरात. पण पुढच्या खोलीला जाड गालिचा होता. खिडक्यांतून वारा शिट्ट्या घालत होता, म्हणून मी भर दुपारी पडदे ओढले आणि वर गोधड्या ठोकल्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, त्याचा लंबक धरून थांबवला. कुत्रा चुलतभावाकडे पाठवला. जुळ्यांना बर्नाडेटच्या सासरी पाठवलं. कोंबड्यावर बादली घातली.

माझी बायको लोरेटा आईचा हात धरून आत बसली, कारण हात धरल्याशिवाय सासूबाई लांब गाणं म्हणत नाहीत. दार बंद केलं. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं: टप. टप. टप.

अंगणातल्या खांबावर झेंड्याची दोरी आपटत होती!

"तुला हीच वेळ सापडली का गं!" असं दोरीला म्हणून मी झेंडा उतरवायला धावलो. दोरी ओढली. झेंडा निम्म्यापर्यंत खाली आला आणि कप्पी अडकली. वर जाईना, खाली येईना. मी लोंबकळलो, शिव्या घातल्या, तीही हळू आवाजात. शेवटी दोरी ताणून कुंपणाला करकचून बांधली. आवाज बंद! मागं सरून मी माझ्या कामगिरीकडे पाहिलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता वाचकहो, एवढ्यावरून माझं काय चुकलं ते तुम्हाला कळलं असेल. पुढची खोली उघडलेली, खिडक्या झाकलेल्या, घड्याळ थांबलेलं, झेंडा अर्ध्यावर. आमच्या किनाऱ्यावर तान्ह्या पोरालाही याचा अर्थ कळतो. मला कळला नाही, कारण मी शांतता राखण्यात गुंग होतो!

बंदरातल्या बोटींची इंजिनं एकेक करून बंद पडली. मी मनात म्हटलं, वा! काय समजूतदार गाव! माणसं वल्ही मारत काठाला लागली, टोप्या काढून. म्हटलं, कलेचा मान ठेवतायत!

मग चर्चची घंटा वाजवणारा सिरिल कुंपणापाशी आला. त्याचे डोळे लाल होते. हळूच म्हणाला, "अँब्रोज, पोरा, एक विचारायचं होतं. म्हातारीचं वय किती?"

मला वाटलं, तबकडीच्या वेष्टणावर छापायला हवं असेल. "ती पंचाहत्तर सांगते," मी कुजबुजलो, "पण खरं म्हणजे एक्याऐंशी."

"एक्याऐंशी," सिरिलनं मान हलवली. "चांगली मजल मारली हो."

"अजून शेवटचं कडवं व्हायचंय," मी म्हणालो. सिरिलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, नाक ओढलं आणि टेकडीवरच्या चर्चकडे निघाला. हा माणूस गाण्यांसाठी इतका हळवा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं घंटा वाजायला लागली. ठण्ण... ठण्ण... एका वेळी एक ठोका, मध्ये लांब श्वास. गेलेल्या माणसाचं जितकं वय तितके ठोके. मी टोपी काढली. अरेरे, कुणीतरी गेलं वाटतं, आणि तेही नेमकं आज! एवढी घाई कुणाला होती? कुणाचा तो बेशिस्तपणा, हे विचारायला मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो.

आमच्याकडे पुढच्या दारानं कुणी येत नाही, आणि मागच्या दाराला कुणी टकटक करत नाही. अर्धं गाव माझ्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसलं होतं! हातात जपमाळा. टेबलावर पाव, खारवलेला मासा, मुरंबा, तीन किटल्या. आणि सगळ्यांत पुढे गर्टी हॅन. ही आमची शेजारीण. तिच्या बकरीनं सासूबाईंचे कोबी खाल्ले तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. जे होतं त्याला बोलणं म्हणत नाहीत.

गर्टी माझ्या गळ्यात पडली. "अँब्रोज! आता मला शिव्या कोण घालणार रे?"

"अगं पण मेलंय कोण?" मी कुजबुजलो.

"दुःखानं भ्रमिष्ट झालाय बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं.

आतून, दोन गोधड्या आणि एका जाड दारापलीकडून, बारीक सूर येत होता. गर्टीनं कान दिला. "ऐक! लोरेटा आईसाठी रडतेय. पोरीचा गळा आईवर गेलाय हो."

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. पडदे! घड्याळ! झेंडा! देवा रे! "एक्याऐंशी!"

तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. आत तिसरं कडवं संपलं होतं, चौथं चालू होतं. अल्फॉन्सस यायला एकाच कडव्याची खोटी होती. मी "अरे, ती जिवंत आहे!" असं म्हटलं असतं, तर अर्धं गाव एकदम ओरडलं असतं, निम्म्या बायका बेशुद्ध पडल्या असत्या, किटल्या गडगडल्या असत्या, आणि बोनिफसच्या चार माणसांची तबकडी निघाली असती. पुन्हा गायला वेळ नव्हता. बोटीनं पहिला भोंगा दिलाच होता.

म्हणून मी ओठावर बोट ठेवलं. सगळ्यांना खुणेनं सांगितलं: चालू द्या. पण हळू. अगदी हळू!

आणि मीसुद्धा गुडघे टेकले. माझ्या जिवंत सासूबाईंसाठी मी असा मनापासून जप केला की विचारू नका! "देवा, तिला एवढं एक कडवं मिळू दे."

घंटेचं मात्र काय करणार? ती ठणठणत होती. पण आत सासूबाई थांबल्या नाहीत. आमच्याकडे लांब गाणं मध्येच सोडत नाहीत, घर जळालं तरी. त्यांनी फक्त चाल सावकाश केली. मी दाराला कान लावला. प्रत्येक ओळ ठोक्यावर येऊन टेकत होती! अल्फॉन्सस सुकाणूवर उभा राहिला, ठण्ण. लाट आली, ठण्ण. मी ते गाणं चाळीस वर्षं ऐकलं होतं, पण तसं कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी असा माणूस आहे की ज्याच्या अंगावर बर्फातसुद्धा येत नाही.

आमच्याकडे गाण्याचे शेवटचे शब्द गात नाहीत. साध्या आवाजात बोलून टाकतात, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की संपलं, आता ग्लास भरा. सासूबाईंनीही तसंच केलं. "आणि पाणी पुन्हा," इथवर गायल्या, थांबल्या, आणि बोलल्या, "सपाट झालं."

आणि त्याच दमात, त्याच आवाजात, यंत्र चालू असतानाच, "कोण मेलं रे?"

मग दार उघडलं आणि सासूबाई उंबऱ्यावर उभ्या!

गर्टीच्या हातातला पाव पडला. दोन माणसं खिडकीतून बाहेर गेली. तिथं दार होतं, तरी खिडकीतून!

"फिलोमिना!" गर्टी किंचाळली. "अगं तूच मेलीस की!"

"मी? कुणी सांगितलं?"

"झेंड्यानं सांगितलं! घंटा ऐकू येत नाही का तुला?"

सासूबाईंनी कान टवकारले. ओठ हलत होते. बराच वेळ मोजत असाव्यात. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "पंचाहत्तरला का थांबली नाही ती?"

स्वयंपाकघरातला प्रत्येक जण माझ्याकडे पाहू लागला.

"आणि तू काय गं," सासूबाई गर्टीकडे वळल्या, "माझ्यासाठी रडत होतीस?"

"कोण म्हणतं? कांदा होता!"

"कांदा कुठाय?"

"घरी!"

रसेलला वाद ऐकायला सवड नव्हती. दुसरा भोंगा झाला, तसं यंत्र काखोटीला मारून तो धक्क्याकडे पळाला. मी मागोमाग. "पोरा, नासलं का रे सगळं?" तो बोटीच्या शिडीवरून ओरडला, "ऐकून सांगतो!" आणि बोट गेली. सासूबाई त्या संध्याकाळी माझ्याशी बोलल्या नाहीत. गावानं आणलेलं सगळं मात्र बसून खाल्लं; आपल्या मयतीचं जेवण सोडायचं कशाला, म्हणाल्या. गर्टी शेजारी बसली होती. मुरंब्यावरून भांडण झालं, म्हणजे बोलणं सुरू झालं.

जुलैत तबकडी आली. रसेलनं काही कापलं नव्हतं. घंटा होती, जपाची गुणगुण होती. अल्फॉन्सस होता, पूर्ण, सुकाणूवर उभा! आम्ही ती गर्टीच्या यंत्रावर इतकी वाजवली की सुई बोथट झाली. शहरातल्या जाणकारांनी म्हणे खास कौतुक केलं, की मागच्या त्या खोल घुमणाऱ्या साथीची कल्पना कुणाची? मी गावभर सांगितलं, माझी!

ऑगस्टात आम्ही सगळे मेळ्याला गेलो. तळ्याकाठी मांडव, समोर मरणाची गर्दी. देशभरातून माणसं आली होती, फिडलवाले, अकॉर्डियनवाले. सासूबाई नवी टोपी घालून पहिल्या रांगेत, नाव पुकारायची वाट बघत. त्यांच्या आधी पश्चिमेकडची, गव्हाच्या मुलखातली एक मुलगी उभी राहिली. समुद्र तिनं मेळ्याला येईपर्यंत पाहिलाही नव्हता. म्हणाली, मी एक गाणं तबकडीवरून शिकले आहे. आणि 'आयव्ही मे' सुरू केलं!

पाचही कडवी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. अल्फॉन्ससचं नाव आलं तसा सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांची नखं माझ्या हातावर महिनाभर दिसत होती. शेवट आला. मुलीनं डोळे मिटले आणि गाणं तबकडीवर जसं संपतं तसं, साध्या, खोल आवाजात संपवलं.

"सपाट झालं. कोण मेलं रे?"

मांडवाला तो गाण्याचाच शेवट वाटला! बायका डोळे पुसत होत्या. मला हसू आवरेना, मी तोंडात टोपी कोंबली. म्हटलं, आता सासूबाई मला इथंच पुरणार.

सासूबाई उठल्या. सावकाश, काठी टेकत. आणि त्या पोरीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, उत्तर दिलं.

"अल्फॉन्सस डूली, बाळा. माझा भाऊ. एकोणीस वर्षांचा. एकोणीसशे बारा, ऑक्टोबरची नऊ तारीख."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा मी पुन्हा ऐकला नाही. मी शेजारच्या अनोळखी माणसाचं कोपर धरून हलवलं. "माझ्या सासूबाई आहेत त्या!"

"कळलं हो," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा सांगताय."

फिलोमिना पॉवर वारल्या त्या एकोणीसशे त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, घरीच, दुपारच्या चहानंतर.