निर्णय न होण्याची तक्रार

वॉर्डातल्या कुणाचाही निर्णय धाकटे डॉक्टर दोन मिनिटांत घेत. स्वतःचा मात्र तीन महिने झाले तरी होईना. गावाबाहेरच्या एका खाजगी हॉस्पिटलने त्यांना नोकरी देऊ केली होती. तिप्पट पगार, राहायला घर, आणि उत्तर आज पाचपर्यंत. हो म्हणावं तर शिक्षणाची उरलेली तीन वर्षं सोडायची. नाही म्हणावं तर आणखी तीन वर्षं त्याच विद्यावेतनावर काढायची, जे वीस तारखेलाच मान टाकत असे. बायको शाळेत शिकवायची. सकाळी शाळेला निघताना तिने फोनवर एवढंच सांगितलं, की काहीही ठरव, पण ठरव.

आता अडलं की दुसऱ्या विभागाचं मत मागवायचं आणि तेही कागदावर, ही खोड डॉक्टर मंडळींच्या अंगात मुरलेली असते. धाकट्या डॉक्टरांनी सवयीने छापील कागद ओढला, वर स्वतःचं नाव घातलं आणि लिहिलं: ‘पुरुष, वय अठ्ठावीस. तीन महिन्यांपासून निर्णय होत नाही. नोकरी की शिक्षण? पगार वीस तारखेनंतर टिकत नाही. कृपया मत द्यावे.’ चहाच्या वेळी दोघा-तिघा मोठ्या डॉक्टरांना दाखवू, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात आठ नंबरच्या आजोबांचं सलाईन थांबलं म्हणून ते उठले. परत येऊन बघतात तो टेबल साफ. बाकीच्या कागदांबरोबर हाही विभागोविभाग फिरायला गेला होता.

एक वाजता तो भरून आला. सर्जननी लिहिलं होतं, की अनावश्यक खर्च ताबडतोब काढून टाकावेत, उशीर केल्यास पसरतात. बालरोगवाल्या बाईंनी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायला सांगितली होती, वजनाप्रमाणे. मानसोपचारवाल्यांनी रुग्णाला स्वतःला काय वाटतं, असं उलट विचारलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘नोकरी घ्या. मी घेतली नव्हती.’ आणि खाली तीनदा रेघ ओढली होती.

चार विभागांनी मत दिलं की पेशंट भरती करायचा, असा तिथला नियम. मोठ्या सिस्टरांनी अठ्ठावीस वर्षांत एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी बारा नंबरवर धुतलेली चादर घातली.

“सिस्टर, अहो, तो पेशंट मी आहे.”

“नाव वाचलंय मी. चपला खाली काढा आणि आडवे व्हा.”

“पण मला काही झालेलं नाही.”

“तुमच्याच अक्षरात आहे, तीन महिन्यांची तक्रार. दुसऱ्या पेशंटला सोडलं असतंत का तुम्ही?”

सोडलं नसतं, हे खरं होतं. शिवाय तीस तास पायांवर काढलेल्या माणसाला धुतलेल्या चादरीशी वाद घालणं जमत नाही. ते आडवे झाले. पेशंटच्या वस्तू कपाटात जातात, म्हणून मोबाईल गेला आणि कपाटाची किल्ली घेऊन सकाळपाळीच्या सिस्टर घरी गेल्या. केसपेपर ड्यूटीवरच्या डॉक्टरने लिहायचा असतो. ड्यूटी त्यांचीच होती. त्यांनी स्वतःला सगळं रीतसर विचारलं आणि लिहिलं: दारू नाही, तंबाखू नाही, शिल्लक नाही.

साडेचारला विभागप्रमुख राऊंडला आले. सरांपुढे वॉर्डात कुणी मोठ्याने खोकतसुद्धा नसे. त्यांनी बारा नंबरची फाईल पहिल्यापासून वाचली, मग पुन्हा वाचली. आता आपलं करिअर इथेच संपलं, अशी धाकट्या डॉक्टरांची खात्री पटली.

“तिप्पट?” सरांनी हळूच विचारलं.

“हो सर. घरही आहे. मागे बाग.”

“वयाची अट?”

“तशी काही लिहिलेली नाही, सर.”

सरांनी त्या हॉस्पिटलचा फोन नंबर विचारून तोंडपाठ केला आणि राऊंड तेरा नंबरवर न जाता थेट जिन्याने खाली गेला.

साडेपाचला बायको आली. त्या हॉस्पिटलने तिला फोन करून जागा भरल्याचं कळवलं होतं. कुणी फार अनुभवी गृहस्थ मिळाले म्हणे. धाकट्या डॉक्टरांना एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“मला जायचंच नव्हतं गं,” ते म्हणाले. “कुणीतरी नको म्हणावं, एवढंच हवं होतं.”

“मला विचारायचंस. मी म्हटलं असतं.”

ते चपला शोधू लागले, तर सिस्टर आडव्या आल्या. घरी सोडायला विभागप्रमुखांची सही लागते आणि सर तर राजीनामा देऊन गेले. नवे कधी येतील, असं बायकोने विचारलं. मागच्या वेळी दोन वर्षं लागली होती, सिस्टर म्हणाल्या.

बायको स्टुलावर बसली. तोपर्यंत विद्यावेतन चालू राहील का, हे तिने विचारून घेतलं. दोन वेळचं जेवण फुकट का, हेही विचारून घेतलं. मग तिने पर्स मांडीवरून काढून शेजारच्या रिकाम्या पलंगावर ठेवली.

“अकरा नंबर कुणाला दिलाय का, सिस्टर?”

सिस्टरांनी नवा कागद पुढे ओढला. “तक्रार काय?”

“हा,” नवऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. “लिहा, तीन वर्षांपासून.”