शेवरोलेची टाकी सापडेना

मोटारीतलं मला सगळं कळतं असं मी स्वतः कधी म्हणत नाही. लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

माझं कामच तसं आहे. विमा कंपन्यांसाठी मी ठोकलेल्या गाड्या बघतो. गाडी झाडावर चढलेली असो नाहीतर उसाच्या ट्रॉलीखाली शिरलेली असो, एक चक्कर मारली की कुठला भाग गेला आणि कुठला वाचला ते मी सांगतो. त्यामुळे सासऱ्यांनी शेवरोले आजऱ्याला न्याल काय म्हणून विचारलं, तेव्हा मी चहाचा कप खालीसुद्धा न ठेवता म्हणालो, "त्यात काय एवढं! डोळे मिटून नेतो."

"उघडंच ठेवा," सासरे म्हणाले.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. भूपाल त्यांचं नाव. मंगळवार पेठेत त्यांचं दुकान आहे आणि दुकानामागच्या शेडमध्ये छप्पन सालची शेवरोले आहे. खाली आकाशी, वर साय लावल्यासारखी पांढरी, आणि लांबीला एवढी की ती बोळातून वळताना समोरच्या घरातली माणसं पाय आत घेतात. या गाडीला मामांनी आजवर ड्रायव्हरशिवाय कुणाला हात लावू दिला नव्हता. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जुना ड्रायव्हर ज्ञानू थकून गावी गेलेला, आणि आजऱ्याला तर जायलाच हवं होतं.

तिथे माझ्या सासूबाईंचा भाचा जिनेश काजूचा कारखाना सुरू करत होता. हे स्वप्न मूळ त्याच्या वडिलांचं, म्हणजे सासूबाईंच्या भावाचं. कारखाना निघाला की दाजींची, म्हणजे मामांची, शेवरोले दारात आली पाहिजे, मशीन त्यांच्या हातनं सुरू झालं पाहिजे, असं ते सारखं म्हणायचे. गेल्या वर्षी ते वारले. त्यामुळे जिनेशनं निरोप पाठवला होता की गाडी आल्याशिवाय मी मशीन लावणार नाही. माझी बायको आदिती मदतीला आदल्या दिवशीच पुढे गेली होती.

तर सकाळी आम्ही निघालो. मी चालवायला, मामा शेजारी काठी धरून, आणि मागच्या ऐसपैस सीटवर सासूबाई, म्हणजे त्रिशलामामी, मांडीवर चुरमुऱ्याच्या लाडवांची बुट्टी घेऊन. गाडी लोण्यासारखी चालली होती. उजळाईवाडी जवळ आली आणि माझं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडे गेलं. काटा आडवा झोपला होता.

मी ऐटीत गाडी पंपावर घेतली, खाली उतरलो आणि "टाकी फुल्ल करा" म्हणालो. पंपावरच्या हंबीररावांनी नळी उचलली. ते गाडीच्या डावीकडून गेले आणि उजवीकडून परत आले.

"पावणं, टोपण कुठं हाय?"

आता टोपण कुठं असतं? मागे, बाजूला. मी डावीकडे गेलो. सपाट पत्रा. उजवीकडे गेलो. सपाट पत्रा. एवढ्या मोठ्या गाडीच्या अंगावर पेट्रोल आत जाईल असं एक भोक नव्हतं. गाडी अंड्यासारखी बंद होती.

मामांना विचारावं तर आदल्या दिवशीचं ते डोळे मिटून नेणं आड येत होतं. तरी मी खिडकीशी वाकून हवेतच म्हटल्यासारखं म्हटलं, की ही टाकी जरा वेगळीच दिसते.

मामा समोर बघत म्हणाले, "मागं हाय."

"मागं कुठं?"

"मागं म्हंजे मागंच की."

मी ओळखलं की माझी परीक्षा चालली आहे. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे आणि जावयाला किती कळतं ते तो बघतोय. आता मात्र मी विचारणार नव्हतो.

मी डिकी उघडली. हंबीररावांना आत वाकायला लावलं. स्टेपनी बाहेर काढली, जॅक काढला, एक जुनी सतरंजी काढली. टोपण नाही. काही जुन्या गाड्यांची टाकी नंबरप्लेटमागं असते हे मी ऐकून होतो, म्हणून प्लेट ओढली. ती सरळ हातात आली आणि मागे नुसती धूळ होती. तोवर मागच्या मोटारसायकलवाल्यांनी रांग सोडून आमच्याभोवती कडं केलं. कुणी म्हणालं बॉनेट बघा, कुणी म्हणालं सीटखाली असणार. एकजण गाडीजवळ उभा राहून बायकोला व्हिडिओ कॉल लावून दाखवत होता. बॉनेट उघडल्यावर हंबीररावांना एक टोपण सापडलं आणि त्यांनी आनंदानं नळी त्यात घातलीसुद्धा. मी झेप घेऊन त्यांचा हात धरला. ते रेडिएटर होतं.

मामींनी काच खाली करून काय शोधताय म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही, हवा बघतोय. थोड्या वेळानं त्यांनी मामांनाही विचारलं. मामांनी गप बस म्हणून सांगितलं.

हंबीररावांना आता वेगळीच शंका यायला लागली. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गाडी कुणाची हाय?"

"सासऱ्यांची."

"मग त्येनला इचारा की."

"विचारलं."

"काय म्हनाले?"

"मागं."

हंबीररावांनी नळी जागेवर अडकवली. मग त्यांनी अगदी शांतपणे गाडीची कागदपत्रं मागितली. आजऱ्याहून जिनेशचे फोन यायला लागले होते. गुरुजी खोळंबले होते, पाहुणे उन्हात उभे होते. मी हरलो. मामांच्या खिडकीशी गेलो आणि कबूल केलं की मला जमत नाही, तुम्हीच सांगा.

मामांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मला तरी कुठं ठावं हाय? ज्ञानू भरायचा. मी तवर पानपट्टीवर असायचो. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना मागचं दार उघडलं. मामींनी बुट्टी सीटवर ठेवली, पदर खोचला आणि खाली उतरल्या.

"पेट्रोलच भरायचं हाय न्हवं?"

त्या गाडीच्या मागे गेल्या. डावीकडच्या लाल दिव्यावरची चकचकीत कळ त्यांनी फिरवली. अख्खा दिवा दार उघडावं तसा खाली झुकला आणि आत टाकीचं टोपण दिसलं. मोटारसायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामा काठी टेकत खाली उतरले. "तुला कसं ठावं?"

"ज्ञानू रजेवर असला की कोन भरायचं? मीच की."

"आनि पंपापतुर गाडी कोन आनायचं?"

तोवर हंबीररावांनी टाकी भरली होती. मामींनी टोपण लावलं. दिवा वर ढकलून त्यांनी कळ बसवली. मग म्हणाल्या, "तुमी दुकानात असायचा. पोरींना शाळंत सोडायला उशीर व्हायचा. ज्ञानूनं शिकवलं."

"लायसन?"

"हाय. परवाच नवं करून आनलंय. आदिती घेऊन गेलती."

माझ्या बायकोनं ही गोष्ट मला आजवर सांगितली नव्हती. मी ते मनात नोंदवून ठेवलं. मामा वळून माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता भडका उडतो. त्यांनी माझ्यापुढे हात केला, किल्ली घेतली आणि मामींच्या हातात दिली.

"उशीर झालाय. चालव."

कागल गेलं, निपाणी गेली. मी मागे बुट्टी सांभाळत होतो. उत्तूरच्या वळणावर मामांनी एकदाच तोंड उघडलं, "जरा हळू." मामींनी गिअर बदलला आणि समोरचा टेम्पो मागे टाकला. मामा खिडकीबाहेर बघायला लागले, पण ते हसत होते.

आजऱ्यात गाडी कारखान्याच्या दारात थांबली तेव्हा सगळे धावत आले. आत्या गाडी चालवत आली हे बघून जिनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी त्याला सांगितलं की मशीन तिच्या हातनं लाव, यंत्रातलं आमच्या घरात तिला कळतं. मामींनी बटण दाबलं, मशीन घरघरलं, नारळ फुटला. फोटो निघाले. गाडीबरोबर मामींचे, मामींबरोबर मामांचे, आदितीचे सगळ्यांबरोबर.

सगळं आटोपल्यावर जिनेशला मी दिसलो. हातात लाडवांची बुट्टी घेऊन भिंतीला टेकून उभा. तो लगबगीनं आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "दाजी, तुमी कवा आला? यष्टीनं आला काय?"