सापसुरळीला पाय असतात

पिठाच्या डब्यामागं चकचकीत शेपूट सरकलं आणि मीनाबाई किंचाळल्या, "साप हाय गं!"

दहावीतल्या बुद्धप्रियानं वाकून पाहिलं. "आज्जी, सापसुरळी आहे. चार पाय दिसतायत की. काही करत नाही ती बिचारी."

"साप नाही ना? मग झालं," म्हणत पप्पांनी, म्हणजे सतीशरावांनी, काठी उचलली.

"पप्पा, सकाळीच पंचशील म्हटलंत की, प्राणिहत्या करणार नाही म्हणून!"

"ते सकाळी. सरक बाजूला."

खरं बोलून बुद्धप्रियानं सापसुरळीला मरणाच्या दारात नेलं होतं. तिनं पुन्हा वाकल्यासारखं केलं आणि ओरडली, "पप्पा, मागं व्हा! सापच आहे! लई विषारी!"

काठीसकट पप्पा थेट सोफ्यावर. "अगं, मग सर्पमित्राला लाव की फोन!"

दहा मिनिटांत विजापूर रोडवरून सर्पमित्र प्रभुलिंग आला. हातात हूक, अंगात जॅकेट, छाती पुढं. "नाग असला तरी घाबरायचं नाय," म्हणत त्यानं डबा सरकवला आणि दुसऱ्या उडीत सोफा गाठला.

"ह्याला पाय हायत की ओ!"

"सापसुरळी आहे काका," बुद्धप्रिया पुटपुटली. "त्यांच्यात काही बिनपायाच्याही असतात, अगदी सापासारख्या."

"मग तसलीला बोलवायचं की मला! आपलं बिनपायाचंच काम हाय. पाल बघितली की मला जेवण जात नाय."

"म्हणजे साप नाही?" पप्पा काठी घेऊन खाली उतरू लागले.

आता मात्र बुद्धप्रियानं शेवयांचा डबा रिकामा केला, सापसुरळीवर पालथा घातला आणि खालून परीक्षेचं पॅड सरकवलं. बाहेर राहिलेलं शेपूट तुटून फरशीवर नाचायला लागलं. सोफ्यावरून दोन किंकाळ्या आल्या. त्यातली मोठी सर्पमित्राची.

"तुटू दे, परत येतं ते," म्हणत ती धावत गेली आणि समोरच्या मैदानातल्या बाभळीखाली तिनं सापसुरळी सोडली.

परत आली तेव्हा प्रभुलिंग गेला होता. "खोटं बोललीस ना माझ्याशी?" पप्पांनी सुरुवात केली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"प्रभुलिंग बोलतोय. खालीच हाय, गाडीपाशी. ताई हायत का?"

"कोण ताई?"

"बुद्धप्रियाताई ओ! माझ्या हेल्मेटात पाल बसलीय. त्यांना म्हणावं, पॅड घेऊन या."

पप्पांनी फोन खाली ठेवला. काठी कोपऱ्यात उभी केली आणि पॅड पुसून लेकीच्या हातात दिलं.