ओठ सुजला तो कशानं?

सुरुवात एका उकडलेल्या अंड्यानं झाली. आमच्या पाच वर्षांच्या लेकीनं ते चमच्यानं ताटाच्या कडेला ढकललं आणि विचारलं, "आई, याची आई कुठे आहे?"

शहाण्या बाईनं "गप जेव" म्हटलं असतं. पण मी मुलांच्या संगोपनावरची पुस्तकं वाचते. (पूर्ण नाही. काळजी वाटायला लागेपर्यंत. म्हणजे प्रस्तावना.) मुलांचं कोवळं मन दुखावलं की पुढे काय काय होतं, ते त्यांत सविस्तर दिलेलं असतं. तेव्हा मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून ज्याला आई असते ते या घरात कुणी खायचं नाही!"

"भेंडीलाही कुणीतरी असेलच की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, प्लीज! तिच्यासमोर नको!"

अंडी गेली, मासे गेले, दूध-दही गेलं. राहता राहिला प्रोटीनचा प्रश्न. अशा वेळी लोक डोळे मिटून सोयाबीन आणतात. आमच्याकडे तेही बंद, कारण नवऱ्याला ते सोसत नाही. कणभर पोटात गेलं, की खालचा ओठ असा सुजतो, की माणूस जन्मभरासाठी रुसलाय असं वाटावं. दुकानात मी पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचू लागले, तर सोया नाही कुठे? पावात, बिस्किटांत, सूपमध्ये, चॉकलेटमध्येसुद्धा!

शेवटी सगळं घरीच करायला घेतलं. वाटाण्याचे कटलेट, ओटचं दूध, मसुराचा केक, काजूचं चीज. (चीज उरलं, त्यानं खिडकीची फट बुजवली. ते अजून हललेलं नाही.) आणि नवल म्हणजे कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे थोडंथोडंच खायचे, पण हसतमुखानं. दुसऱ्यांदा कुणी काही मागायचं नाही आणि भूकही कुणाला लागायची नाही. मला वाटलं, हीच ती प्रोटीनची ताकद.

मग एका संध्याकाळी आजी, बाबा आणि लेक रोजच्यासारखे बागेत फिरून आले, तर बाबांच्या आधी बाबांचा ओठ घरात शिरला.

मी हातातलं काम टाकून धावले. "अरे, श्वास घेता येतोय ना? काय खाल्लंस?"

"घरचंच," तो चपलांकडे बघत पुटपुटला.

घरचं म्हणजे मी केलेलं. म्हणजे मीच! त्याला नेहमीची गोळी दिली, कपाटातले डबे, बरण्या, पाकिटं दोन पिशव्यांत कोंबली आणि सगळ्यांना घेऊन कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. डॉक्टर ओठ तपासत होते, तोवर मी त्यांच्या टेबलावर दुकान मांडलं.

"डॉक्टर, यातलंच काहीतरी असणार. लेबलं वाचली होती हो मी, पण माझं काही खरं नाही. मी एकदा मीटरचं रीडिंग उलटं घेतलं होतं."

डॉक्टरांनी मसुराचा केक बोटानं दाबून पाहिला. "हे... खायचं आहे?"

तिथे माझा बांध फुटला. लेकीनं माझी ओढणी ओढली. "आई, रडू नको ना. तू नाही केलंस. ते बागेजवळच्या चिकन रोलमुळे झालं. आज त्यांच्याकडे नवीन काळा सॉस होता, तो बाबांनी बोटं चाटून खाल्ला."

"आज? म्हणजे रोज खाता?"

"रोज लाल सॉस असतो."

"आई, तुम्हीसुद्धा?"

"छे गं, मी चिकनला शिवत नाही," सासूबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या. "मी आपली मासळीचा घेते."

"आणि तू गं? ज्याला आई असते ते तू खात नाहीस ना?"

"मी कुठे तसं म्हटलं? मी नुसतं विचारलं होतं. मग तू इतकी खूश झालीस! बाबा म्हणाले, आईचं मन मोडायचं नाही."

घरात एकटी मीच इमानदारीत उपाशी होते, तर.

डॉक्टरांनी एकेक पाकीट उलटून पाहिलं. "ताई, सोयाचा कणही नाही यात. तुमचं स्वयंपाकघर निर्दोष आहे." मी डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी ताठ बसले. डॉक्टर नवऱ्याकडे वळले. "तुम्ही आता महिनाभर बाहेरचं काहीही खायचं नाही. घरी ताई करतील तेच, आणि पोटभर."

नवऱ्यानं एकवार केककडे पाहिलं, मग निमूटपणे शर्टाची बाही वर सरकवली.

"डॉक्टर," तो सुजल्या ओठानं म्हणाला, "इंजेक्शन नाही का देता येणार?"