सासूबाई चंद्रावर असल्याची सिद्धता

खट् करून किटलीचं बटण वर आलं. सकाळपासून घरात जी शांतता पसरली होती, ती एवढ्याशा आवाजानेही दचकली. मी मात्र दचकले नाही. कारण त्या दिवशी अकरा ते बारा ह्या वेळात माझ्या खोलीत माझ्याशिवाय कोणीही पाऊल टाकणार नाही, हे मी सिद्ध केलेलं होतं.

सिद्ध! नीट वाचा. ठरवलेलं नव्हे, बजावलेलं नव्हे, हातापाया पडून कबूल करून घेतलेलं नव्हे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज जशी सिद्ध करतात, तसं सिद्ध. इतर आया मुलाखतीला बसताना मुलांच्या हातात मोबाइल कोंबतात आणि दाराला आतून कडी घालतात. आमच्या दाराला कडी नाही. मुलीने एकदा स्वतःला आत कोंडून घेतलं, तेव्हापासून नवऱ्याने ती काढून टाकली. पण ज्याच्याकडे तर्कशास्त्र आहे त्याला कडी कशाला हवी?

माझा विषयच तो. प्रोग्रामिंग भाषा आणि तर्कशास्त्र. कॉम्प्युटरला आपण ज्या भाषांमधून कामं सांगतो त्या भाषा कशा घडवाव्यात, आणि सांगितलेलं काम तो चुकणार नाही ह्याची खात्री आधीच कशी मिळवावी, ह्याचा अभ्यास. हे मी लग्नाकार्यात कुणाला सांगितलं की समोरचा आदराने मान हलवतो आणि आमचा प्रिंटर कधीपासून बंद पडलाय, जरा बघता का, असं विचारतो.

मुलगी झाली तेव्हा संशोधन अर्धवट सोडलं. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिला एकदा पाहिलंत तर तिचं खरं नाव विचारायची गरज तुम्हाला पडणार नाही. ती अंघोळीच्या टबात आरमार लढवत असायची तेव्हा मी दाराशी बसून, एक डोळा टबावर आणि एक डोळा शोधनिबंधावर ठेवून वाचायचे. आमच्या क्षेत्रातले कितीतरी महत्त्वाचे निबंध माझ्याकडे साबणाच्या डागांसकट आहेत. अशा चोरलेल्या वेळात मी कशीबशी विषयाचं बोट धरून राहिले. आणि एक दिवस विद्यापीठाची जाहिरात दिसली. ज्यांचे निबंध मी वर्षानुवर्षं वाचत आले, त्याच प्राध्यापकबाईंच्या गटात संशोधनाची एक जागा. माझ्यासारख्या मधे खंड पडलेल्यांना अर्ज करता येणार होता, पण ही सवलत ह्याच वर्षापुरती. म्हणजे आत्ता नाही जमलं, तर जन्मभर लोकांचे प्रिंटर!

मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर व्हायची होती. आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मधे ते बिनकडीचं दार. जिन्यावरून येणारा माणूस आधी स्वयंपाकघरातच शिरतो. म्हणून आदल्या संध्याकाळी मी घरच्यांची बैठक बोलावली आणि प्रत्येकाकडून वचन मागितलं.

नवरा लगेच तयार झाला. तो इमारतींच्या लिफ्ट तपासतो. त्या दिवशी त्याने सुट्टी टाकली होती. तासभर स्वयंपाकघरातून हलणार नाही, तिथेच उभा राहून सगळ्यांसाठी सूप करीन, म्हणाला. भिंगरीने जाहीर केलं की बाबा जिथे, तिथे ती. हे मागायचीसुद्धा गरज नव्हती. त्या आठवड्यात ती पाकिटाला तिकीट चिकटावं तशी बापाला चिकटलेली होती. सासूबाईंनी सांगितलं की पोर जिथे, तिथे त्या. चुलीजवळ लेकराला बापाच्या भरवशावर सोडणं त्यांना मंजूर नव्हतं. आणि जाता जाता त्यांनी आणखी एक वचन फुकटात दिलं. मुलगा स्वयंपाकघरात असताना त्या तिथे पाय ठेवणार नाहीत. तो कांदा ज्या आचेवर परततो ते बघून त्यांच्या छातीत धडधडतं.

इथे एखाद्या चाणाक्ष वाचकाच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्या गेल्या नाहीत. माझे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी ही माणसं किती करतात!

आमच्याकडे सिद्धता तपासणारा एक प्रोग्राम असतो. आपण गृहीतकं द्यायची, काय सिद्ध करायचं ते सांगायचं, एकेक पायरी लिहायची. पायरी बरोबर असली तर तो हिरवी खूण देतो, नाहीतर लाल फुली मारून गप्प बसतो. वशिला चालत नाही, लाडीगोडी चालत नाही. म्हणून आमच्या घरात त्याचं नाव मास्तर. मी चारही वचनं मास्तरांना दिली, तीही शुद्ध मराठीत, म्हणजे उद्या कुणी मुकरलं तर त्याला वाचून दाखवता यावं. खाली लिहिलं, 'मुलाखतीच्या वेळी खोलीत कोणी येणार नाही.' आता पाच-पंचवीस पायऱ्या लिहाव्या लागणार म्हणून बाह्या सरसावल्या, तर मास्तरांनी पहिल्याच ओळीला हिरवी खूण दिली.

एका ओळीत! मी स्वतःच्या पाठीवर हात पोचेल तेवढी थाप मारली. एवढ्या लांबलचक रजेनंतरही हातात कसब शाबूत होतं म्हणायचं.

तर आता पडद्यावर प्राध्यापकबाई. पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत न बोलण्याची कला. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग त्यांनी सहज सांगितलं की घरी मूल लहान आहे, मधे व्यत्यय आला तर आपण थांबू, संकोच करू नका.

इथे मी 'बरं' म्हणायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या बाईने म्हटलं असतं.

"व्यत्यय येणार नाही, मॅडम," मी म्हटलं. "सिद्ध केलंय मी."

चष्मा नाकावरून वर सरकला. "दाखवा."

मी दाखवलं. अभिमानाने. आमच्या कुटुंबाची गृहीतकं विद्यापीठाच्या पडद्यावर झळकली. बाईंनी ती सावकाश वाचली, मग पुन्हा वाचली. नेमक्या त्याच वेळी दाराच्या फटीतून कांद्याचा वास आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज. त्या नातीच्या मागे निघाल्या होत्या, नात बापाच्या मागे स्वयंपाकघरात शिरली होती, आणि सासूबाई जिन्याकडच्या उंबऱ्यावर अडकल्या होत्या. आत जावं तर एक वचन मोडतं, न जावं तर दुसरं. अडकलेला माणूस करतो तेच त्या करत होत्या. सूचना देत होत्या.

"सिद्धता एका ओळीची आहे," बाई म्हणाल्या.

मी विनयाने मान खाली घातली. माझं कौतुक चाललंय अशी माझी समजूत होती.

"तीन माणसं, त्यातलं एक मूल. आणि एक ओळ?"

मान वर आली.

"असं करा," बाई शांतपणे म्हणाल्या, "ह्याच गृहीतकांवरून अजून एक सिद्ध करून दाखवा. तुमच्या सासूबाई चंद्रावर आहेत."

मला वाटलं, विनोद असेल. हसले. त्या हसल्या नाहीत. मग मी मुकाट्याने टाइप केलं, 'सासूबाई चंद्रावर आहेत.' मास्तर एक क्षणही घुटमळले नाहीत. हिरवी खूण!

आमच्या विषयात पहिल्याच वर्षी जे शिकवतात ते तेव्हा माझ्या डोक्यात पेटलं. एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टी तुम्ही खऱ्या धरून चाललात, तर मग त्यावरून काहीही सिद्ध करता येतं. अक्षरशः काहीही. नवरा स्वयंपाकघरात. मुलगी नवऱ्याजवळ, म्हणजे स्वयंपाकघरात. सासूबाई मुलीजवळ, म्हणजे स्वयंपाकघरात. आणि तो असताना सासूबाई स्वयंपाकघरात नाहीत! ही चार वचनं एका घरात नांदूच शकत नव्हती. मास्तरांनी मला माझ्या कसबासाठी खूण दिली नव्हती. जिथे सगळंच सिद्ध होतं तिथे हेही होतं, एवढंच ते सांगत होते.

मी तोंड उघडायच्या आत बाहेर निकाल लागला. सासूबाईंनी मुलाच्या हातातला झारा उंबऱ्यावरूनच काढून घेतला आणि त्याला आधी बाहेर हो म्हणून फर्मावलं. तो बाहेर झाला. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या बाहेर म्हणजे एकच जागा आहे. दार उघडलं. नवरा आत आला, बोटाला ओला फडका गुंडाळून. तो आला म्हणून भिंगरी आली. भिंगरी आली म्हणून सासूबाई आल्या, झाऱ्यासकट. इतक्या प्रामाणिकपणे दिलेला शब्द पाळणारं कुटुंब तुम्ही पाहिलं नसेल.

सासूबाईंनी बाईंना नमस्कार केला, आणि मग त्यांची नजर पडद्यावर गेली. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतं, हा घरातल्या सगळ्यांच्या चिंतेचा विषय आहे.

"सासूबाई चंद्रावर आहेत," त्यांनी मोठ्याने वाचलं. "सिद्ध."

कढईत कांदा चुरचुरत होता, तेवढाच आवाज.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी मला विचारलं.

नवऱ्याला हसू आवरेना, म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला. भिंगरी माझ्या मांडीवर चढून बसली आणि कॉम्प्युटरमधल्या आजीला स्वतःच्या पायाचं खरचटलेलं दाखवू लागली. माझी जागा, माझा विषय, साबणाचे डाग पडलेले ते सगळे निबंध, सगळं मला मोरीतून वाहून जाताना दिसलं.

बाईंनी खरचटलेलं व्यवस्थित पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यातलं एक गृहीतक टाकावं लागेल. कुठलं टाकाल?"

तीन माणसं माझ्याकडे बघत होती, आणि तिघांनाही आपलंच टाकलं जाणार असं वाटत होतं. मी आधी पळवाट काढली. म्हटलं, गृहीतकं राहू देत, मी सिद्ध करायचं वाक्यच बदलते. बाईंनी नकारार्थी मान हलवली. वाक्य बदलून चंद्र जाणार नव्हता.

"माझं टाक," नवरा खिडकीकडे बघत म्हणाला. "मला सवय आहे."

मी त्याचं स्वयंपाकघरातून न हलण्याचं वचन खोडलं. उरलेल्या तिन्हींकडे पाहिलं, आणि बोटं आपोआप चालू लागली. एका हाताने. दुसरा भिंगरीच्या पोटाभोवती होता. समजा नवरा स्वयंपाकघरात आहे. मग भिंगरी तिथे, मग सासूबाई तिथे, पण त्या तर तिथे नाहीत. म्हणजे तो स्वयंपाकघरात असूच शकत नाही. घरात जागा दोनच. म्हणजे तो ह्या खोलीत. म्हणून भिंगरी ह्या खोलीत. म्हणून सासूबाई ह्या खोलीत. पायरी, खूण, पायरी, खूण. शेवटची ओळ लिहिली, 'मुलाखतीच्या वेळी तिघंही खोलीत येतील.'

हिरवी.

"चंद्राचं बघा आता," बाई म्हणाल्या.

लाल फुली. सासूबाई पृथ्वीवर परतल्या. त्यांनी समाधानाने झारा खाली ठेवला आणि बाईंना विचारलं की अशी परीक्षा पुरुषांचीही घेतात का.

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. उरलेली मुलाखत भिंगरी मांडीवर असतानाच झाली. प्रश्न अवघड होते. काहींची उत्तरं आली, काहींची आली नाहीत, एकाचं अर्धं आलं असताना करपल्याचा वास आला आणि सासूबाई झारा उचलून धावल्या.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. जागा मला मिळाली होती. मी घरात अशी काही नाचले की खरी भिंगरी कोण असा प्रश्न पडावा. मग बाईंनी जरा अडखळत विचारलं की नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला ती सिद्धता दाखवली तर चालेल का. पहिली. चंद्राची. काय करू नये ह्याचं इतकं चांगलं उदाहरण त्यांना आजवर मिळालं नव्हतं. तर्कशास्त्राला माझी देणगी काय, असं पुढेमागे कोणी विचारलं तर ही! सासूबाईंनी परवानगी दिली, एवढीच अट घालून की चंद्रावर आपण गेलो असतो ते सुनेच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

काल भिंगरी जेवताना गप्प होती. म्हणजे नक्की काहीतरी शिजत होतं. मी तिला सांगत होते की सोमवारपासून आई विद्यापीठात जाणार, संध्याकाळी परत येणार, दिवसभर आजी असेल. तिने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तू तिकडे असणार."

"हो."

"आणि मी इकडे."

"हो गं राणी."

कपाळावर बारीक आठी, अगदी बाईंसारखी.

"मग तू मला झोपवताना म्हणतेस ना, मी कायम तुझ्याजवळच असते," ती म्हणाली, "ते आता टाकायचं का?"