सोनकीला खिडकीची जागा

एस.टी.त डालड्याच्या डब्याला खिडकीची जागा देऊन स्वतः उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे पंचवटीतले शेजारी, दौलतअण्णा.

डब्यात सोनकी. भाद्रपदात त्र्यंबककडच्या डोंगरांना हळद लागते ती हिच्यामुळे. शेवंतीची गरीब बहीण म्हणा ना! गौरींच्या आदल्या दिवशी अण्णा तिचं एक झुडूप मुळासकट घेऊन यायचे.

"काका, डबा खाली ठेवा," कंडक्टर ओरडायचा.

"खाली गुदमरते ती. हवं तर अर्धं तिकीट फाडा."

घरी वहिनी करवादायच्या, "आणलं का परत रानातलं गवत? आठ दिसांत मरंल." आणि पुढच्याच क्षणी डब्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. सगळी गल्ली हसायची. झुडूप मात्र खरंच आठ दिवसांत मान टाकायचं.

"प्रयोग चालू आहे," अण्णा सांगायचे. कसला प्रयोग, ते कधीच सांगायचे नाहीत.

शेवटी एका वर्षी, अठ्ठ्याहत्तर साल असेल, मला राहवेना. मी त्यांच्याबरोबर निघालो. उत्सुकता माझी होती, पण पाय दुसऱ्या कुणाचे तरी न्यायला हवे होते. डोंगराच्या पायथ्यालाच सोनकी अशी फुललेली की पाऊल कुठे ठेवावं कळेना.

"अण्णा, घ्या की इथलीच!"

"ही नाही चालायची."

दर वळणावर मी बसकण मारून एक झुडूप सुचवायचो आणि अण्णा वधूपित्याचा निरोप परतवावा तशी मान हलवायचे.

वर एका पडक्या घराचं जोतं होतं. भिंती बसलेल्या, उंबरा तेवढा शाबूत. आत, चुलीच्या जागी, सोनकी उगवलेली. अण्णांनी चपला बाहेर काढल्या.

"तुझ्या वहिनीचं माहेर," ते म्हणाले. "आई-बाप गेले, भाऊ नाही. सणाला हिला न्यायला येणार कोण? म्हटलं, माहेरच तिकडे न्यावं." मग खुरपं चालवत घाईघाईने, "दारात एखादं जगलं तर कायमचं झालं. प्रयोग चालू आहे."

परतीच्या गाडीला ही गर्दी! मी सवयीने धावत जाऊन खिडकी पटकावली. मागून डबा कवटाळून अण्णा चढले.

"काका, डबा खाली!"

मी उठलो. डबा माझ्या जागेवर ठेवला.

"वहिनींच्या माहेरची मंडळी आहेत," मी कंडक्टरला म्हणालो. "बसू द्या."

नाशिक येईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.